शिपाई बसून आहेत

"आजारी थो, अन् फिका चाय आपल्याले. काय गुन्हा केला बाप्पा आपण?"

पडद्यापलीकडून हे आलं. बोलणाऱ्या पार्वतीबाई, देवरावांची थोरली बहीण, आणि हे त्यांनी हळूच म्हटलं होतं. पार्वतीबाईंचं हळूच म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला भाजीवाला मान वर करेल इतपत. शेजारी बसलेली त्यांची लेक काजल "चूप वं आई" म्हणाली आणि कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. कप भरलेलाच असणार. रिकाम्या कपाचा आवाज वेगळा येतो, हे पडद्याअलीकडे गॅससमोर उभ्या असलेल्या देवरावांच्या बायकोला, मीराबाईंना, आता चांगलं कळायला लागलं होतं.

साखर या घरातून हद्दपार होऊन महिना होत आला होता. साखर खाल्ली की गाठ पोसते असं कोणीतरी मोबाइलवर पाठवलं, आणि सून प्रीतीनं त्याच संध्याकाळी डबा शेजारी नेऊन दिला. गंमत अशी की देवराव कित्येक वर्षांपासून फिकाच चहा पीत आले होते. म्हणजे साखर बंद झाली ती फक्त ज्यांना काही झालं नव्हतं त्यांची. तरी पाहुणे कमी झाले म्हणावं, तर तसंही नाही. येत होते, बसत होते, फिका चहा पाहून तोंड कडू करत होते आणि दुसऱ्या दिवशी आणखी कोणाला तरी घेऊन येत होते.

सुरुवातीला तो छाला होता. गालाच्या आत, जिभेला लागून, दाताच्या टोकानं झालेला. मग फोड झाला. मग गाठ. गाठीच्या पुढचाही एक शब्द होता. तो तपासणीच्या कागदावर छापलेला होता, घरातल्या प्रत्येकाला माहीत होता, पाहुण्यांना माहीत होता, कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत होता. पण या घरात येताना माणसं चपलांबरोबर तो शब्दही उंबऱ्याबाहेर काढून ठेवत आणि जाताना पायात घालून जात. फाटक ओलांडलं की लगेच वापरायला सुरुवात.

आणि हे सगळं कोणाच्या घरात? तर देवरावांच्या.

देवराव पाणीपुरवठ्यात होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी जीपमध्ये माइक धरून काढली. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी नळ येणार नाही." अख्ख्या शहराला वाईट बातमी देण्याचा त्यांचा सराव होता, आणि ते ती अशी देत की शिव्या घालणारी बाईसुद्धा आधी थांबून ऐकून घेई. असा आवाज. निवृत्तीनंतर वस्तीनं तो माइक त्यांच्या हातातून काढू दिला नाही. लग्न असो, नामकरण असो, कोणी गेलं असो, माइकवर देवराव. लग्नात आहेर त्यांनीच पुकारायचे. "वधूच्या मोठ्या मामांकडून स्टीलची कोठी!" अशी काही पुकारायचे की मामाला आपण सोन्याची आणली असं वाटावं.

एकच खोट होती. देवरावांना नावं आठवत नसत. म्हणून मीराबाई त्यांच्या डाव्या हाताला, माइकच्या दांड्याजवळ बसत. देवरावांनी जरा कान तिरपा केला की मीराबाई हळूच नाव सांगत आणि पुढच्या क्षणी ते नाव मांडवभर घुमत असे. त्यात विचारणं नाही, फिरवणं नाही. मीराबाईंनी एकदा भलतंच सांगितलं, जावयाच्या आहेरावर त्याच्या सावत्र भावाचं नाव, तर देवरावांनी तेच पुकारलं आणि भांडण मिटायला वर्ष लागलं. तरी त्यांनी पुढच्या लग्नात कान तिथंच तिरपा केला.

आणि कोणी गेलं की देवरावांचं वाक्य ठरलेलं असे. "अमुक यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले." ज्याचं लिव्हर दारूनं गेलं तोही अल्पशा आजारानं. जो चार वर्षं खाटेवर होता तोही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन ज्याचा जबडा झडला, त्याचाही आजार अल्पसाच. देवरावांच्या माइकवर अख्ख्या वस्तीला कधी मोठा आजार म्हणून झालाच नव्हता.

---

धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात देवरावांना नेलं, तिथं लिफ्टसमोर यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूर सगळं एका रांगेत उभं असतं. बायका डोक्यावर पदर घेऊन, पुरुष गळ्यात दुपट्टा टाकून, आणि कितीतरी जण तोंडाला तोच दुपट्टा लावून. डॉक्टर मयुरा मॅडम वयानं लहान होत्या. बोलायच्या भराभर, पण समजावून. देवरावांना त्यांनी तोंड उघडायला लावलं. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, देवरावांच्या जेमतेम एक जात होतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या गाठीचा तुकडा तपासला. आमच्याकडे आता एक गोष्ट वेगळी पाहतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी असतात ना, त्या गाठीच्या आत किती शिरल्या आहेत ते. तुमच्या गाठीत बऱ्याच शिरल्यात. सगळ्यांच्यात एवढ्या नसतात. हे चांगलं लक्षण आहे, पण..."

"चांगलं हाय म्हणजे!" मुलगा प्रेमानंद खुर्चीतून अर्धा उठला.

"हो, ते चांगलंच, पण ऑपरेशन..."

"ऐकलं ना बाबा? चांगलं हाय म्हणते!"

त्या 'पण'च्या पुढं मॅडम बरंच बोलल्या. ऑपरेशन लवकर करायचं, जिभेचा काही भाग आणि जबड्याची एक कड काढायची, नंतर लाइटचा, म्हणजे किरणांचा, शेक द्यायचा. तारीखही दिली. पण ऐकायला कोण होतं? लिफ्टमधून खाली येईपर्यंत देवराव, मीराबाई, प्रेमानंद, तिघांच्या हातात फक्त 'चांगलं' उरलं होतं. तेही प्रत्येकानं घट्ट धरलेलं.

घरी आल्यावर प्रेमानंदनं आत्याला समजावलं, "आत्या, पेशी म्हणजे शिपाई समज. आपलेच शिपाई गाठीत घुसले."

पार्वतीबाईंनी गल्लीत सांगितलं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की देवरावच्या तोंडात मिल्ट्री उतरली.

आता मिल्ट्री उतरली म्हणजे तिचा शिधा पाहिजे. पपईच्या पानांचा रस आला. गव्हांकुर आले. काजलच्या सासरहून एक हिरवी पूड आली, ती कशाची हे तिलाही माहीत नव्हतं, पण ताकदीची होती. पार्वतीबाई रोज बकऱ्याच्या पायांचं सूप करून आणू लागल्या आणि भावाजवळ बसून "पे, पे, शिपायायले ताकद पाह्यजे" करू लागल्या. देवराव एक बोटभर उघडणाऱ्या तोंडात स्ट्रॉ धरून सगळं ओढत. एवढी फौज, आणि तिचा सगळा दाणागोटा एका नळीतून.

"ऑपरेशनची घाई कायले करता?" पार्वतीबाई म्हणाल्या. "आतमंधी लढून राहिले ना ते? मंधातच चाकू चालवला तं आपलेच मरतीन."

हे सगळ्यांना पटलं. प्रेमानंदनं दवाखान्यात फोन करून तारीख पुढं ढकलली. देवरावांनी फक्त मान हलवली. मीराबाईंनी पाहिलं, की ते हो होतं की नाही हे मानेवरून कळत नव्हतं.

---

रोज येणाऱ्यांत रुपराव होते. देवरावांचे नोकरीतले जोडीदार, जीप चालवायचे. त्यांच्या गालाला वर्षभरापासून दुपट्टा गुंडाळलेला होता. दुपट्ट्याखाली काय आहे ते कोणी विचारत नव्हतं. त्यांनी एका वैदूचं झाडपाल्याचं औषध धरलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"मले पाहाय ना गा," ते देवरावांना म्हणत. "चाकू लागला काय? नाई लागला. हिंडून राहिलो का नाई? राहिलो."

हिंडताना त्यांच्या खिशात खर्र्याची प्लास्टिकची पन्नी असे. बोलता बोलता ते ती काढत आणि सुपारी, तंबाखू, चुना तळहाताखाली घोटत बसत. खर्रा घोटायला वेळ लागतो, आणि तो वेळ गप्पांना बरा असतो. पाहुण्याला खर्रा विचारल्याशिवाय खाणं बरं दिसत नाही, तसं यजमानालाही. त्या दिवशी त्यांनी पन्नी उघडून देवरावांपुढं धरली.

"घे चिमूटभर. लय नाई. फौजेलेही तलफ येत असन ना गा."

देवराव बंद तोंडानं हसले. खांदे हलले, पोट हललं, डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा कोणी त्यांना हसवलं होतं. मग त्यांनी चिमूट घेतली आणि गालाच्या चांगल्या बाजूला ठेवली.

मीराबाई पडद्याजवळ हातात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. आता बाहेर जायचं आणि ती पन्नी उचलून नालीत टाकायची, इतकंच करायचं होतं. पण रुपराव पाहुणे होते, आणि दोन मित्र हसत होते. मीराबाईंनी फिका चहा पुढं ठेवला आणि आत आल्या. नंतर बराच वेळ त्या घासलेलं पातेलं पुन्हा घासत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज आला. बादली भरत होती आणि पाण्याच्या आवाजाआड देवराव काहीतरी म्हणत होते. मीराबाईंना वाटलं, बोलावताहेत. त्या दाराशी गेल्या.

"हॅलो... माइक चेक... हॅलो." मग थांबून, "लाडका. लाडका. ला..." पुन्हा थांबून, "ज्येष्ठ. जे..." मग नळ जोरात सोडल्याचा आवाज.

देवराव एकेक अक्षर तपासून पाहत होते. कोणतं अजून निघतं आणि कोणतं गेलं. मीराबाई दारापासून दोन पावलं मागं सरल्या. तेव्हा त्यांना कळलं की शिपायांवर या घरात कोणाचा विश्वास सगळ्यात कमी असेल, तर तो ज्याच्या तोंडात ते उतरले होते त्याचा. माणूस ऑपरेशनला नाही म्हणत नव्हता. तो जिभेला नाही म्हणत होता.

---

मॅडमच्या दवाखान्यातून फोन आला. आता येत्या मंगळवारची तारीख देतो आहोत. हीही चुकवली तर आज जेवढं ऑपरेशन सांगितलं तेवढ्यावर भागेल असं धरून चालू नका. प्रेमानंद बाबांसमोरच फोनवर "मंगळवार? पाहतो मॅडम, पाहतो" म्हणाला आणि कामावर गेला.

मीराबाईंनी महालच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला जाते म्हणून सांगितलं आणि धंतोलीच्या ऑटोत बसल्या.

"मॅडम," खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "शिपाई एवढे आत शिरले हायेत, तं गाठ काहून वाढून राहिली?"

मॅडमना शिपाई कोण ते आधी कळेना. मग कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"शिरलेत हे खरं, काकू. पण शिरणं वेगळं आणि लढणं वेगळं. गाठ फार लबाड असते. आत आलेल्या पेशींना ती थकवते, गप्प करते. मग त्या असतात तिथंच, पण नुसत्या बसून. काही तर तिच्याच कामाला लागतात."

"म्हणजे पाहुणे," मीराबाई म्हणाल्या.

"काय?"

"नाई जी. आमच्याकडे येतात ना रोज, ते. आत येतात, भोवतालून बसतात, अन् बोलाचं ते सोडून सगळं बोलतात. एक जण तं खर्राही घोटून देते."

मॅडमना हसू आलं, आणि मग आलेलं हसू कुठं ठेवावं ते कळेना.

"मग त्यायचा उपेग काय?" मीराबाईंनी विचारलं.

"उपयोग आहे. गाठ कापून काढली, वर शेक दिला, की ज्यांच्या गाठीत आधीपासून अशा पेशी शिरलेल्या होत्या, त्यांच्यातली पुष्कळ माणसं पुढं बरी राहतात असं दिसतं. पण ते उपचारानंतर. एकट्या पेशींच्या भरवशावर गाठ सोडून द्यायची नसते. हेच मी त्या दिवशी सांगत होते."

"आम्ही ऐकलं नाई."

"माहीत आहे मला."

"अन् बोलणं?" हा प्रश्न मीराबाईंनी टेबलाकडे पाहून विचारला.

"बोलतील. पण आत्तासारखं नाही. पुन्हा शिकावं लागेल, आणि काही अक्षरं नाहीच यायची. उशीर केला तर त्याहून जास्त जाईल." मग मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. "काकू, एक विचारू? पहिल्या दिवशी तुमचा मुलगा मला बाहेर गाठून म्हणाला, बाबांसमोर तो शब्द काढू नका. नंतर काका चष्मा विसरला म्हणून परत आले आणि म्हणाले, मॅडम, घरच्यांसमोर तो शब्द काढू नका, बायको भित्री आहे. आणि जाता जाता आमच्या सिस्टरला कोणीतरी बाजूला घेऊन सांगितलं, की बापलेकांना कळू देऊ नका. ती तिसरी व्यक्ती तुम्हीच ना?"

मीराबाईंनी पदर सारखा केला.

"तुम्ही तिघंही एकमेकांना सांभाळताय," मॅडम म्हणाल्या. "मग मी सांगायचं कोणाला?"

नवऱ्यानं भित्री म्हटलेलं मीराबाईंच्या मनाला लागलं. ऑटोत बसल्यावर त्यांनी ठरवलं, आज बोलायचं. सरळ. पाहुणे गेले की देवरावांच्या खाटेवर बसायचं आणि म्हणायचं, मले सगळं माहीत हाय, तुमालेही माहीत हाय, मंगळवारी चला.

पाहुणे गेले. प्रीती आत पोळ्या करत होती. मीराबाई खाटेवर बसल्या.

"ऐकता काय?"

"हं."

देवरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. वाट पाहत असल्यासारखं पाहिलं. मीराबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांचं तोंड तर चांगलं तीन बोटं उघडत होतं.

"सूप गरम करू काय?" त्या म्हणाल्या.

"कर," देवराव म्हणाले.

---

त्याच आठवड्यात रुपराव गेले. दुपारी जेवायला बसले होते, आणि दुपट्ट्याखालून एकाएकी रक्त आलं ते थांबेना. गल्लीत सगळे म्हणाले, बीपी वाढला असेल. वैदू म्हणे आला होता मातीला, तोही बीपीच म्हणाला.

रुपरावांचा मुलगा गोविंदा घरी आला. डोळे सुजलेले.

"काका, रविवारी विहारात बाबांच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं. माइकवर तुम्हीच बोला जी. बाबा म्हणत, मी गेलो का देवरावच बोलन." आणि उठता उठता खाली पाहून म्हणाला, "अल्पशा आजारानं म्हणजा. बहिणीचं लग्न जुळून राहिलं. लोकं काय म्हणतीन."

प्रेमानंदनं बाबांना बोलायला त्रास होईल म्हणून पाहिलं. पार्वतीबाई म्हणाल्या, शिपायांना आराम पाहिजे. देवरावांनी हात वर केला. ते जाणार होते. मंगळवारचं कोणी विचारलं नाही. रविवार झाला की सोमवार, आणि सोमवार झाला की मंगळवार, हे सगळ्यांना येत होतं, पण मोजत कोणीच नव्हतं.

विहारात सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. रुपरावांचा जुना फोटो लावला होता, गाल दोन्हीकडून सारखे असलेला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील पुरुषांच्या बाजूनं जरा जाड आवाजात आलं, कारण कितीतरी गालांत त्या वेळी काही ना काही होतं. खर्रा हा मादक पदार्थ आहे की सवय, याचा निकाल वस्तीत अजून लागलेला नव्हता.

मग देवराव उभे राहिले. मीराबाई नेहमीप्रमाणे डाव्या हाताला, दांड्याजवळ बसल्या. आज नाव सांगायची गरज नव्हती, रुपरावांचं नाव देवराव कसं विसरतील? पण जागा ठरलेली होती म्हणून बसल्या.

"उपस्थित बंधू-भगिनींनो," देवराव म्हणाले. आवाज जड होता, अक्षरांच्या कडा झिजलेल्या होत्या, पण आवाज तोच. बाहेर खांबावर लावलेल्या भोंग्यातून तो पानठेल्यापर्यंत गेला. "आपले रुपराव. माझ्यासोबत तीस वर्षं जीपमध्ये होते. मी बोलायचो, ते चालवायचे. लोकांच्या शिव्या आम्ही निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या."

बायांच्या बाजूला कोणीतरी रडता रडता हसलं.

"त्या रुपरावांचं... अ... अल्प..."

थांबले. पुन्हा घेतलं. "अल्प..." जीभ वळेना. कदाचित त्या अक्षरांवर वळेना, कदाचित त्या शब्दावर. नक्की काय झालं ते मीराबाईंनी पुढं कधी विचारलं नाही. लोकांना वाटलं, कढ आला. गोविंदा पुढच्या रांगेतून ओठ हलवून सांगत होता, अल्पशा, काका, अल्पशा.

देवरावांनी गोविंदाकडं पाहिलं नाही. त्यांनी डावा खांदा जरा खाली केला आणि कान तिरपा केला. लग्नात मामाचं नाव विसरल्यावर करायचे, अगदी तसाच.

मीराबाईंना काय सांगायचं ते माहीत होतं. एवढ्या मयतींना बसल्या होत्या, पुढचे शब्द त्यांना पाठ होते. सांगायचे आणि मोकळं व्हायचं. त्यांनी समोर पाहिलं. सगळे आत येऊन बसलेले. पार्वतीबाई, काजल, प्रेमानंद, प्रीती, शेजारी, पाणीपुरवठ्यातले जुने लोक. भोवतालून, जवळजवळ, गप्प.

"कॅन्सरनं," मीराबाई म्हणाल्या.

त्या हळूच म्हणाल्या होत्या. पण माइक जवळ होता आणि त्यांचं हळू पार्वतीबाईंसारखं नव्हतं तरी पहिल्या चार रांगांना पुरलं. "अवं बाई," कोणीतरी म्हणालं. गोविंदाचे ओठ हलायचे थांबले. पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

देवराव मान वळवून मीराबाईंकडं पाहत होते. भित्री म्हटलेल्या बायकोकडं. मीराबाईंनी नजर खाली घेतली नाही. चुकीचं नाव सांगितलं की काय, असं देवरावांनी कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. ते माइककडं वळले.

"कॅन्सरनं," देवराव माइकवर म्हणाले. "रुपराव कॅन्सरनं गेले. खर्र्यानं झाला होता."

भोंग्यातून तो शब्द बाहेर गेला, गल्लीतून फिरला आणि विहाराच्या भिंतीवर येऊन परत आला. देवरावांनी पुन्हा डावीकडं कान केला. पण पुढचं मीराबाईंकडं नव्हतं. त्यांनी फक्त मान हलवली, आणि त्या मानेवरून सगळं कळत होतं.

मग देवराव सरळ उभे राहिले. जीपमध्ये उभे राहायचे तसे.

"सर्वांना कळविण्यात येते की," ते म्हणाले, एकेक अक्षर जिभेनं ढकलत, "मलाही तोच आहे. मले कॅन्सर हाय." श्वास घेतला. "आतमंधी शिपाई हायेत म्हणतात. असतीन. पण गाठ वाढूनच राहिली, म्हणजे ते बसून हायेत, अन् मी त्यायच्या भरवशावर बसत नाई. मंगळवारी ऑपरेशन हाय. जीभ जाईन थोडी. म्हणून आजच सांगून ठेवतो. भेटाले येणाऱ्यानं खर्रा आणू नये, अन् जे बोलाचं ते तोंडावर बोलावं." ते बायांच्या बाजूला, थोरल्या बहिणीकडं वळले. "चाय गोड भेटन."